वरचा सा

त्या काळात अभिप्राय ऐकून घ्यायचा की सोडून द्यायचा हा प्रश्नच उरला नव्हता. अभिप्राय लागू व्हायचा. परीक्षकानं म्हटलं, "दुसऱ्या कडव्यात घाई होते," की चौथ्या दिवशी मुलं घाई करत नसत, आणि आपण कधी घाई करत होतो हेही त्यांच्या लक्षात नसे. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण नव्या मुलांना उदाहरण देऊन समजावून सांगावी लागायची.

म्हणून परीक्षेच्या दिवशी वृषालीबाई सरनोबत आपली जीभ फार जपत. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. कोल्हापूर विभागातल्या शाळांच्या बिनसाथीच्या समूहगानाच्या त्या मुख्य परीक्षक होत्या, आणि या जागेवर त्यांचं हे सहावं वर्ष. बिनसाथीचं म्हणजे पेटी नाही, तबला नाही, तानपुरा नाही. सुरुवातीला काळी एकचा सा एकदा ऐकवायचा आणि तो बंद करायचा. पुढे तीस-बत्तीस पोरांनी एकमेकांच्या गळ्याचाच आधार घेऊन चार पदरी गाणं पार न्यायचं. आज पाळी गडहिंग्लजच्या शाळेची होती. परीक्षा अकराला, आणि बाई साडेआठलाच संगीताच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. एवढ्या लवकर येण्याचं काही कारण नव्हतं. अलीकडे त्यांना परीक्षेच्या आधी स्वस्थ बसवत नसे, एवढंच.

दाराशी खाकरल्याचा आवाज झाला. सत्तरीचा एक म्हातारा उभा होता. त्याच्या एका हातात कापडात गुंडाळलेली पेटी होती, दुसऱ्या काखेत भाता फाटलेली, उघडी, मोडकी पेटी.

"बाई, मी दस्तगीर मुल्ला. पेट्या दुरुस्त करतो. अफ्रीनचा नाना. डावीकडनं चौथी उभी ऱ्हाती न्हवं का, ती."

बाईंना ती मुलगी आठवली, आणि आठवून थोडं अवघडल्यासारखं झालं. मागच्या महिन्यात त्या सराव-फेरीला आल्या होत्या. अफ्रीन जूनमध्ये नव्यानं शाळेत आलेली बारा वर्षांची पोर, तिच्यावर अजून एकही संस्कार झाला नव्हता. सगळं गाणं छान चाललेलं आणि वरच्या सा वर हिचा आवाज वेगळा निघाला. बाईंनी गाणं थांबवलं. तिला एकटीला पुढे बोलावून तोच सा तीनदा गाऊन घेतला आणि हसून म्हणाल्या, "चढतेस गं बाळ. सगळे घरात बसलेत आणि तू एकटी गच्चीवर." सगळं सभागृह हसलं होतं.

"बसा की," बाई म्हणाल्या.

दस्तगीर बसला नाही. "त्या दिवसापास्नं पोरगी घरात गात न्हाई, बाई. आधी आंघोळीला गेली तरी गायची. आता महिना झाला, तोंड म्हणून उघडत न्हाई. मी पेटी काढली की दप्तर उचलती आणि शाळंत पळती."

"अहो, पण ती चढत होती खरंच. त्यात वाईट काय वाटायचं? आज संस्कार झाला की चार दिवसांत लागेल सुरात."

"त्येच सांगाय आलोय. आज ते करू नगा." म्हाताऱ्यानं मोडकी पेटी जमिनीवर ठेवली. "दोन वर्सांत माज्याकडं सतरा पेट्या आल्या. भजनी मंडळांच्या, घरातल्या, एक तर देवळातली. समद्यांची तक्रार येकच. वरचा सा चढलाय, उतरवून द्या. मी सूर तपासतो तर सूर नीट! गावं येगळी, पेट्या येगळ्या, आणि बिघाड मातर त्योच. मग मी इचारायला लागलो. सतराच्या सतरा घरांत एक तरी पोर तुमच्या परीक्षंचं निघालं."

"मग? उतरवून दिल्यात?"

"एक बी न्हाई. पेटीच्या आत हरेक सुराला पितळंची पट्टी असती. बुडाशी खरवडली की सूर उतरतो. पर खरवडलेलं पितळ परत येत न्हाई, बाई. शिव्या खाल्ल्या, गिऱ्हाईकं तोडली, पर कानस लावली न्हाई."

बाईंना राग आला. चाळीस वर्षं गाण्यात घालवलेल्या बाईला एक पेटीवाला सूर शिकवायला आला होता. पण रागाच्या खाली आणखीही काही होतं, आणि ते रागापेक्षा जास्त टोचत होतं. त्या म्हणाल्या, "वाजवा बघू."

दस्तगीरनं कापडातली पेटी काढली. जुनी, काळ्या लाकडाची, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेली. त्यानं काळी एकचा सा धरला आणि त्याबरोबर वरचा सा दाबला.

"चढलाय," बाई लगेच म्हणाल्या.

"बरं." त्यानं मोडकी पेटी पुढे ओढली, फाटक्या भात्यावर गुडघा दाबून तेच दोन सूर वाजवून दाखवले. "ही मोडीत काढल्याली हाय, हिचं काय बी होऊ द्या. तुमी सांगाल तितका उतरवतो. बरोबर झाला की हात करा." त्यानं झाकण उघडलं, छोट्या पात्यानं सुराच्या पितळी पट्टीच्या बुडाशी दोनदा खरवडलं, वाजवलं. पुन्हा खरवडलं. चौथ्या खेपेला बाईंनी हात वर केला.

"आता बरोबर. आता एकजीव झाले."

"आता सूर ऐकू नगा," दस्तगीर म्हणाला. "निस्ती लहर ऐका."

त्यानं दोन्ही सा एकदम धरून ठेवले. आवाज जागेवर थांबेना. तो फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मग त्यानं जुन्या पेटीवर तेच केलं. तिथे आवाज गच्च उभा राहिला, जराही हलला नाही.

ही लहर म्हणजे काही जादू नव्हे. वरच्या सा ची कंपनं खालच्या सा च्या बरोबर दुप्पट असतात. अगदी दुप्पट असली तर खालच्या सुराच्या प्रत्येक फेऱ्यात वरच्याचे दोन फेरे नेमके बसतात आणि आवाज स्थिर राहतो. जरा जरी कमी-जास्त झालं तर दोन्ही कंपनं कधी एकमेकांत मिसळतात, कधी एकमेकांना खातात, आणि आवाज डोलायला लागतो. सूर चढा वाटला की उतरलेला, हे ज्याच्या त्याच्या कानावर असतं. डोलणं मात्र हवेतच असतं. ते कुणाच्या कानाची मर्जी सांभाळत नाही.

बाईंनी डावा कान बोटानं बंद केला आणि खूण केली. दस्तगीरनं जुन्या पेटीचा वरचा सा पुन्हा वाजवला. सूर आपल्या जागी होता. मग त्यांनी उजवा कान बंद केला. तोच सूर गच्चीवर गेला.

सात वर्षांपूर्वी त्यांना आठवडाभर तापासारखं येऊन गरगरलं होतं, आणि डाव्या कानात दडा बसला होता. दडा सुटला, गरगरणं थांबलं, आणि बाई कामाला लागल्या. उजव्या कानाला वयानं कमी येत होतं, म्हणून मंचाकडे त्या कायम डावाच कान करून बसत. पुढच्याच वर्षी त्यांना मुख्य परीक्षकाचं पद मिळालं होतं.

"देवा," त्या म्हणाल्या. म्हातारा जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काही दिसेना. तो फक्त पात्याची धार कापडाला पुसत होता.

दहा वाजता डॉक्टर अन्वी धुमाळ आल्या. तिशीतल्या, चटपटीत. त्या संस्कार केंद्राच्या शास्त्रज्ञ होत्या आणि परीक्षेच्या दिवशी संस्काराचं यंत्र त्यांच्या ताब्यात असायचं. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. अन्वीनं बाईंच्या दोन्ही कानांत आळीपाळीनं सूर सोडून बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

"याला द्विसूर-श्रवण म्हणतात बाई. एकच सूर दोन कानांना दोन उंचींवर ऐकू येतो. आतल्या कानात दुखापत झाली की होतं. सगळे सूर नाही बिघडत, एखादाच पट्टा बिघडतो. तुमचा नेमका वरच्या सा चा बिघडलाय."

"आणि मी सहा वर्षं सगळ्यांना तो उतरवायला सांगितला."

"सांगितला नाही," अन्वी हळूच म्हणाली. "बसवला."

हे बसवणं असं चालायचं. प्रत्येक मुलाच्या गळ्यात कंठदोर असायचा. दिसायला साधा गोफ, पण त्याच्या धाग्यांतून मेंदूला अगदी सौम्य खुणा पाठवता यायच्या. गाताना मेंदू आपला आवाज सतत तपासत असतो. हवा होता तसा आला का, हा प्रश्न तो स्वतःला क्षणाक्षणाला विचारतो, आणि नाही आला तर आत कुठेतरी 'चुकलं' अशी बारीक कळ उठते. मुलं झोपली की कंठदोर त्यांच्या मेंदूत तेच गाणं पुन्हा जागं करायचा आणि परीक्षकानं खूण केलेल्या जागी ती कळ उठवायचा. तीन रात्रींत गळा बदलायचा. गळ्याबरोबर कानही बदलायचा, कारण मेंदूत दोघांचा संसार एकच. याला संस्कार म्हणत. मुलाला आपल्याला कुणी सुधारलं असं वाटतच नसे. आपण पहिल्यापासून असेच गात होतो, असं वाटायचं.

"पण यंत्राला मोजता येतं ना?" बाई जवळजवळ ओरडल्या. "त्याला कसं कळलं नाही?"

"मोजमाप बंद आहे. पहिल्या वर्षी होतं. मुलं पट्टीनं आखल्यासारखी गायला लागली म्हणून संगीतवाल्यांनी मोर्चा काढला. कानाला मोजपट्टी लावू नका, जाणकाराचा कान हेच प्रमाण. तेव्हापासून परीक्षेच्या वेळी मोजमाप कुलूपबंद असतं. मोर्चाच्या पुढे तुम्हीच होता बाई. आमच्या केंद्रात तो फोटो अजून लावलेला आहे."

बाईंना तो मोर्चा चांगला आठवत होता. त्यांच्या त्या दिवशीच्या भाषणाला टाळ्याही पडल्या होत्या.

"आज मी परीक्षाच घेत नाही."

"मग परीक्षा मंडळ दुसरे परीक्षक पाठवेल. दुसरे म्हणजे तुमच्याच हाताखाली तयार झालेले. ते काय सांगतील?"

"मी काहीच बोलले नाही तर?"

"तर यंत्र बहुमत धरतं. एकतीस मुलं एकीकडे, अफ्रीन एकटी. चौथ्या सकाळी तीही तिकडे." अन्वीनं बोटं मोडली. "एकच वाट आहे. अभिप्रायात तुम्ही नमुना दाखवू शकता. आजच्या गाण्यातला एखाद्याचा आवाज निवडायचा आणि म्हणायचं, सगळ्यांनी असं गावं. फक्त तो आवाज आजच्या ध्वनिमुद्रणातला हवा, आणि माणसाचा हवा. पेटी चालत नाही."

"अफ्रीन."

"हो. तिचाच एकटीचा वरचा सा सरळ आहे. पण एकदा अभिप्राय नोंदला की सहा महिने हात लावता येत नाही. कोवळ्या मेंदूला वर्षात दोनपेक्षा जास्त संस्कार झेपत नाहीत."

बाई खोलीभर फेऱ्या मारू लागल्या. अकरा हजार पोरं, सहा वर्षं. त्यातली कितीतरी आता मोठी झाली होती, कुठे कुठे गात होती, आपल्या पोरांना झोपवताना गुणगुणत होती. त्या सगळ्यांपर्यंत हात पुरणार नव्हता. पण एका शाळेची बत्तीस मुलं आज हातात होती, आणि त्यांत एक पोर होती जिचं त्यांनी भर सभागृहात हसं केलं होतं. तिचा कान वाचवायचा. तेवढं जरी जमलं तरी कोल्हापूरला परत जाऊन आरशात बघता आलं असतं.

"तुम्हाला काय वाटतं, अन्वी?"

"मला सा आणि रे यांतला फरक आकड्यात सांगता येतो. ऐकून नाही. मला विचारू नका."

अकरा वाजता मुलं मंचावर आली. पांढरे सदरे, गळ्यात कंठदोर. अफ्रीन डावीकडून चौथी. तिनं खालचा ओठ दातात धरला होता. दस्तगीर शेवटच्या रांगेत पेटी मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी पदराआड डाव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि खुर्ची फिरवून उजवा कान मंचाकडे केला. संगीत शिक्षकांना त्याचं नवल वाटलं, पण मुख्य परीक्षकाला कोण विचारणार?

सा वाजला आणि थांबला. गाणं हिरण्यकेशीच्या पुराचं होतं. खालचे आवाज नदीसारखे वाहत राहायचे, मधले पैलतीरावरच्यांना हाका मारायचे, आणि शेवटी नाव पार लागली की सगळेच आवाज एकदम तार सप्तकात जाऊन तो लांब सा धरायचे. मुलांनी जीव ओतला. बाईंच्या उजव्या कानाला ते सगळं उबदार रजईतून आल्यासारखं येत होतं. शेवटचा सा आला. बत्तीस गळे, भिंतींचा घुमारा, आणि त्यातून एका पोरीचा आवाज वेगळा काढायचा होता. बाईंनी डोळे मिटले, मान पुढे केली. मागच्या महिन्यात तो आवाज टोचल्यासारखा वेगळा आला होता. आज त्यांना तो सापडेना. पण तेव्हा डाव्या कानानं ऐकलं होतं. आज हा म्हातारा उजवा कान. तो काय निवडणार?

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत, तशी रीतच होती. अभिप्राय नोंदला जाईपर्यंत सभागृहात कुणी बोटही आपटत नसे. अन्वीनं बाईंच्या पुढे ध्वनिक्षेपक सरकवला आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"एकदा तिला एकटीला गायला लावायचं का? खात्रीसाठी?"

बाईंनी मंचाकडे पाहिलं. पोर त्यांच्याकडेच बघत होती. आपल्याला पुन्हा पुढे बोलावणार म्हणून तिचे दोन्ही हात सदऱ्याच्या टोकाला गच्च धरून होते. एवढ्या अंतरावरूनही ते बाईंना दिसलं, आणि त्यांना अपराध्यासारखं झालं.

"नको," त्या कुजबुजल्या. "मागच्या महिन्यात केला तेवढा तमाशा पुरे झाला."

मग त्या ध्वनिक्षेपकात स्पष्ट बोलल्या. "वरच्या सा साठी नमुना, डावीकडून चौथी मुलगी. तिचा सूर बरोबर आहे. सगळ्यांनी तिच्यासारखं गावं. तिला कसलाही बदल नको."

अन्वीनं नोंद केली. हिरवा दिवा लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या छातीवरचं ओझं त्या आवाजात उतरल्यासारखं झालं आणि त्यांनी कानातला बोळा काढून रुमालात बांधला.

गर्दी पांगली तेव्हा अफ्रीन धावतच आली. तिच्यामागून पेटी सांभाळत दस्तगीर. पोरीचा चेहरा फुलून आला होता.

"बाई, आज मी गच्चीवर नव्हते ना?"

"काय?"

"मी महिनाभर सराव केला. डब्याच्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागं. आमच्या वर्गातली समीक्षा, तीही गाण्यात आहे, ती ऐकायची आणि सांगायची, अजून खाली, अजून खाली. पहिल्यांदा लई वाईट वाटायचं कानाला. मग जमलं. घरी नाही गायले मी, नानांना सगळं जमल्यावरच ऐकवणार होते." तिनं एक श्वास घेतला. "तुम्ही म्हणाला होता ना चढतेस म्हणून. मग मी उतरवला. आज तुम्ही माझाच सूर बरोबर म्हणालात!"

कंठदोर नाही, कळ नाही, झोपेतलं गाणं नाही. बाईंनी एकदा हसून म्हटलेलं एक वाक्य, आणि डब्याच्या सुट्टीतल्या वीस-पंचवीस दुपारी. तेवढंच पुरलं होतं. यंत्रानं पोरीला अजून हातही लावला नव्हता.

अन्वीच्या लक्षात आलं होतं. तिनं दिव्याकडे पाहिलं. तो हिरवाच होता.

"सहा महिने?" बाईंनी विचारलं.

"सहा महिने. पण तसंही..." सहा महिन्यांनी नमुना म्हणून कुणाचा आवाज दाखवायचा, हे अन्वीलाही सांगता आलं नसतं.

दस्तगीर सगळं समजला होता. त्यानं मंचाच्या पायरीवर पेटी मांडली आणि खालचा सा धरला. "म्हण बाळ. वरचा."

अफ्रीननं मान वर केली आणि सूर लावला. आवाज गोड होता, घट्ट होता, आणि पेटीच्या आवाजाबरोबर तो डोलत होता, फुगत होता, बसत होता. दस्तगीरनं वरच्या सा ची पट्टी दाबली तशी पोरगी एकदम थांबली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"नाना, तुमची पेटी चढलीय."

"व्हय?"

"वरचा सा. किती दिवस मला वाटायचं, हा असा काय लागतो. आता कळलं." ती त्याच्या गुडघ्याला टेकून बसली. "उतरवा की. मग रोज गाईन तुमच्याबरोबर. आधीसारखं."

बाई म्हणाल्या, "दस्तगीरचाचा, नको." पण त्या हे नक्की काय नको म्हणतायत, ते त्यांनाही धड कळत नव्हतं.

म्हाताऱ्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. सतरा गिऱ्हाईकांना त्यानं हाकलून दिलं होतं. देवळाच्या पंचांना तोंडावर नाही म्हटलं होतं. मग त्यानं पेटीचं झाकण उघडलं, खिशातलं पातं काढलं, आणि वाकून सुराच्या बुडाशी लावलं. पितळाची बारीक पूड त्याच्या बोटावर पडली.

"एवढा?"

"अजून थोडा, नाना."

त्यानं अजून थोडा खरवडला. वाजवला. पोर हसली आणि गायला लागली, मोठ्यानं, महिनाभराचं सगळं साचलेलं एकदम. दस्तगीर भाता मारत राहिला. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

वृषालीबाई तिथेच उभ्या होत्या. कानात आता बोळा नव्हता. आणि त्यांच्या डाव्या कानाला तो सूर अगदी बरोबर लागला.